विश्लेषण : अणुइंधनाचे झिर्कोनियम कवच बदलणे अवघड का?

२०४७ पर्यंत देशाची अणुऊर्जा क्षमता १०० गिगावॉटवर नेण्याचे उद्दिष्ट केंद्र सरकारने २०२५च्या अर्थसंकल्पात जाहीर केले. त्यानंतर चर्चा झाली ती जागा, खर्च आणि इंधनाची. पण अणुभट्टीत युरेनियम आणि पाणी यांच्यामध्ये असते ते एक मिलिमीटरहूनही पातळ धातूचे कवच. त्याची निवड सुरक्षेच्या दृष्टीने कळीची ठरते.

झिर्कोनियमच का?
युरेनियम ऑक्साइडच्या वड्या धातूच्या नळ्यांत भरतात. नळीनेच न्यूट्रॉन शोषले, तर विखंडनाची साखळी टिकत नाही. झिर्कोनियम न्यूट्रॉन अत्यल्प शोषते आणि सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या पाण्यातही सहसा गंजत नाही. खनिजात त्याच्यासोबत येणारे हाफ्नियम मात्र शेकडो पट अधिक न्यूट्रॉन शोषते, म्हणून ते काढून टाकावे लागते. भारतात हे शुद्धीकरण आणि नळ्यांची निर्मिती न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्स ही सरकारी संस्था करते.

मग धोका कोणता?
अणुभट्टी बंद केली तरी इंधन तापतच राहते. पाणीपुरवठा थांबला आणि तापमान १,२०० अंशांपुढे गेले, की झिर्कोनियमची वाफेशी वेगाने अभिक्रिया होते. तिच्यातून आणखी उष्णता आणि हायड्रोजन बाहेर पडतो. मार्च २०११ मध्ये जपानमधील फुकुशिमा येथे त्सुनामीमुळे वीज गेली, शीतकरण थांबले आणि साचलेल्या हायड्रोजनच्या स्फोटांत अणुभट्ट्यांच्या इमारती फुटल्या.

पर्याय कोणते?
झिर्कोनियमवर क्रोमियमचा पातळ लेप, लोह-क्रोमियम-अॅल्युमिनियम मिश्रधातू आणि सिलिकॉन कार्बाइड हे तीन पर्याय चर्चेत आहेत. मिश्रधातू वाफेत उत्तम टिकतो, पण न्यूट्रॉन अधिक शोषतो. सिलिकॉन कार्बाइड उष्णता सोसते. मात्र ते ठिसूळ असल्याने लांब, गळतीरहित नळ्या बनवणे कठीण जाते. लेपाचा मार्ग त्यातल्या त्यात सोपा. अमेरिकेतील व्होगल प्रकल्पात २०१९ मध्ये असे इंधन चाचणीसाठी वापरण्यात आले.

भारतापुढचा पेच काय?
तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांसाठी समृद्ध युरेनियम लागते. पण देशातील बहुतेक अणुभट्ट्या जड पाण्याच्या असून त्या नैसर्गिक युरेनियमवर चालतात. त्यात विखंडनक्षम युरेनियम-२३५ जेमतेम ०.७ टक्के असते. त्यामुळे न्यूट्रॉन वाया घालवणारे कवच इथे परवडत नाही आणि झिर्कोनियमला सोडचिठ्ठी देणे सोपे नाही. लेपामुळे अपघातात काही वेळ हाती मिळू शकतो. त्या वेळेत पाणी पुन्हा सुरू करता येते का, यावरच सुरक्षा अवलंबून राहील.