घरातली चोरी आणि दोन रुग्ण



पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या इतवारीतून मारबती निघतात. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघत आली आहे. घरातली इडापीडा, रोगराई तिने आपल्याबरोबर न्यावी, अशी आरोळी त्या दिवशी गल्लीगल्लीतून उठते. गेल्या वर्षी ती गर्दी ओसरल्यावर बहात्तर वर्षांच्या एक आजी माझ्या दवाखान्यात आल्या. हात थरथरत होते, डोके जड झाले होते. रक्तदाब १९६/११० भरला. विचारले, तेव्हा कळले की तीन दिवस गोळी घेतलेली नाही.

कारण असे. यजमानांनी सराफ्यातून घडवून दिलेल्या सोन्याच्या दोन बांगड्या कपाटातून नाहीशा झाल्या होत्या. घरात आजी आणि चौदा वर्षांचा एक मुलगा, एवढी दोघेच. मुलगा त्यांच्या भाचीचा. २०२१ च्या कोरोनाच्या लाटेत त्याचे आईवडील आठ दिवसांच्या अंतराने गेले आणि आजींनी त्याला पदराखाली घेतले. शासनाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून त्याच्यासाठी दरमहा २,२५० रुपये मिळत. बाकीचा भार आजींच्या निवृत्तिवेतनावर. शेजारीण म्हणाली होती, "त्यालाही मारबतीबरोबर घालवा." आजी मला म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, सख्खा असता तर असं केलं असतं का त्यानं?"

ओळख पटेल असे तपशील बदलून आणि आजींच्या संमतीने ही हकीकत लिहीत आहे. आपल्या वाचकांत नातवंडे, भाचवंडे किंवा समितीमार्फत सोपवलेली मुले सांभाळणारे अनेक ज्येष्ठ आहेत. असा प्रसंग घरात घडला, तर तेथे एक नव्हे, दोन रुग्ण असतात, हे ध्यानात यावे म्हणून हा प्रपंच.

पहिला रुग्ण म्हणजे आपण स्वतः. घरातल्याच माणसाने विश्वास मोडला, तर उतारवयात त्याचा आघात शरीरावर उमटतो. झोप उडते, साखर वाढते, जेवण आणि गोळ्यांच्या वेळा चुकतात. छातीत दडपण, धाप, दरदरून घाम किंवा डाव्या हातात कळ आली, तर 'मनाला लागले आहे' म्हणून घरी बसू नये. तीव्र मानसिक धक्क्याने हृदयाचा स्नायू तात्पुरता दुबळा होण्याचा एक विकार आहे. जपानमधील डॉक्टरांनी १९९० मध्ये त्याचे वर्णन केले आणि ऑक्टोपस धरण्याच्या मडक्यावरून त्याला 'ताकोत्सुबो' हे नाव पडले. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत तो अधिक आढळतो. त्याची लक्षणे हृदयविकाराच्या झटक्यासारखीच असतात आणि घरी बसून फरक ओळखणे कोणालाच शक्य नाही. अशा वेळी रुग्णालय गाठून ईसीजी काढणे, हेच शहाणपण. झोप येत नाही म्हणून शेजाऱ्याची झोपेची गोळी मात्र घेऊ नये. रात्री उठताना तोल जाऊन खुब्याचे हाड मोडलेले रुग्ण मी पुष्कळ पाहिले आहेत.

दुसरी गोष्ट थोडी कटू आहे. वस्तू खरोखर चोरीस गेली आहे का, हे आधी शांतपणे पाहावे. विस्मृतीच्या आजारात माणूस वस्तू जपून ठेवतो, जागा विसरतो आणि 'कोणीतरी नेली' अशी त्याची खात्री पटते. अल्झायमरच्या रुग्णांत हा समज फार आढळतो आणि संशय बहुधा जवळच्या, सेवा करणाऱ्या माणसावरच येतो. एखाद्या ज्येष्ठाकडून महिन्या-दोन महिन्यांत वारंवार 'चोरी' होऊ लागली, तर पोलिसांआधी डॉक्टरांकडे यावे. आमच्या आजींची स्मृती मी तपासली. ती उत्तम होती. पण घाईची किंमत त्यांनाही द्यावी लागली. पहिल्या दिवशी त्यांनी दहा वर्षे काम करणाऱ्या बाईंवर आळ घेतला. बाई रडत निघून गेल्या, त्या पुन्हा आल्या नाहीत.

आता पोलिसांविषयी. आजींचे दीर दोनदा ठाण्यात गेले. एकदा साहेब बंदोबस्तात होते, दुसऱ्यांदा अर्ज ठेवून घेतला, पोच मात्र दिली नाही. 'म्हाताऱ्या माणसांना कोण विचारतो?' हा त्यांचा संताप अनाठायी नव्हता. परंतु या संथपणात दोन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात आणि त्या वेगळ्या करता आल्या, की निम्मा त्रास कमी होतो.

एक म्हणजे निव्वळ दिरंगाई. तिच्यावर कायद्यात उपाय आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर तोंडीही देता येते. ती लिहून घेऊन, वाचून दाखवून तिची प्रत फिर्यादीस विनामूल्य द्यावी लागते. ठाण्यात नोंद नाकारली, तर तोच मजकूर टपालाने पोलीस अधीक्षकांकडे, शहरात उपायुक्तांकडे, धाडावा; तेथेही दाद न मिळाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. तपास कुठवर आला, हे नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीस कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. आणखी एक तरतूद ज्येष्ठांनी लिहून ठेवावी अशी आहे. तपासात साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा असेल, तर साठ वर्षांवरील पुरुषाला किंवा कोणत्याही स्त्रीला आपल्या घराबाहेर अन्यत्र हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी, तारखा एका वहीत लिहाव्यात, दागिन्याची पावती किंवा तो अंगावर असलेले छायाचित्र शोधून ठेवावे. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइनही मार्गदर्शन करते.

दुसरी गोष्ट मात्र दिरंगाई नव्हे, ती कायद्याचीच चाल आहे. संशयित अठरा वर्षांखालील असेल, तर बाल न्याय अधिनियम २०१५ लागू होतो. गुन्हा निर्घृण स्वरूपाचा नसेल आणि त्यात प्रौढ व्यक्ती सामील नसेल, तर नियमांनुसार मुलावर प्रथम खबर अहवाल नोंदवला जात नाही. ठाण्यातील बाल कल्याण पोलीस अधिकारी स्टेशन डायरीत नोंद घेतो, मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल तयार करतो आणि प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. मुलाला कोठडीत ठेवता येत नाही. तेव्हा 'गुन्हा का दाखल करत नाही?' असे विचारत फेऱ्या मारण्याऐवजी 'बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण?' असे विचारावे. आजींच्या दिरांना हे ठाऊक नव्हते आणि ठाण्यात त्यांना ते कोणी समजावूनही सांगितले नाही. कायद्याने घातलेला हा संयम मुलासाठी आहे. समज, समुपदेशन, देखरेख हे मंडळाचे नेहमीचे मार्ग आणि अशा निर्णयामुळे मुलगा पुढे नोकरीस अपात्र ठरत नाही. म्हणूनच तक्रार केली म्हणजे आपण पोराचे आयुष्य नासवले, असे ज्येष्ठांनी मानू नये. आणि 'पोलिसांकडून दोन रट्टे देववू' हा दिरांचा विचारही मनातून काढून टाकावा.

आता दुसरा रुग्ण. तपासणीला येताना मुलाला बरोबर आणा, असे मी आजींना सांगितले. तो कोपऱ्यात नखे कुरतडत बसला होता. मी चोरीविषयी विचारले नाही. झोप कशी लागते, एवढेच विचारले. 'लागत नाही,' म्हणाला. पुढच्या भेटीत आजी बाहेर बसल्या असताना तो आपणहून बोलला. मोबाइलवरच्या खेळात त्याच्यावर उधारी झाली होती. वस्तीतल्या एका मोठ्या मुलाने पैशांसाठी धमकावले. एक बांगडी त्याला दिली. दुसरी अजून दप्तरात होती. 'आजीला सांगितलं तर ती मला परत पाठवून देईल,' हे त्याचे वाक्य मी विसरलेलो नाही.

चोरी करणारे प्रत्येक मूल दुःखी असते, असे मी म्हणणार नाही. पण आईवडील गमावलेल्या, घर बदललेल्या मुलांत वस्तू उचलणे, खाऊ लपवून ठेवणे, खोटे बोलणे हे पुष्कळदा दिसते. डोनाल्ड विनिकॉट या इंग्रज बालरोगतज्ज्ञ व मनोविश्लेषकाने दुसऱ्या महायुद्धात घरापासून दूर पाठवलेल्या मुलांबरोबर काम केले. चोरणारे मूल त्या वस्तूच्या नव्हे, तर जिच्यावर आपला हक्क आहे अशा आईच्या शोधात असते, असे त्याने पुढे मांडले. आपल्याला परत पाठवतील का, हे असे मूल कळत-नकळत तपासून पाहते. 'सख्खा असता तर' हे शब्द त्याच्या कानी पडले, की त्याला उत्तर मिळते आणि ते नेमके चुकीचे उत्तर असते.

येथे मला महात्मा गांधींच्या आत्मकथेतील प्रसंग आठवतो. पंधराव्या वर्षी, भावाचे सुमारे पंचवीस रुपयांचे कर्ज फेडण्यासाठी, त्यांनी भावाच्याच कड्यातले थोडे सोने काढले. मन खाऊ लागले, तेव्हा कबुलीची चिठ्ठी लिहून शिक्षा मागितली आणि ती अंथरुणाला खिळलेल्या वडिलांच्या हाती दिली. वडिलांनी उठून बसून ती वाचली, डोळ्यांतून पाणी आले आणि त्यांनी ती फाडून टाकली. संतापाची अपेक्षा असलेल्या मुलाला त्या अश्रूंनी शुद्ध केले. पण लक्षात घ्यावे, क्षमा आली ती कबुलीनंतर, कबुलीऐवजी नव्हे.

म्हणून दोन्ही गोष्टी एकत्र कराव्यात. मुलाला स्पष्ट सांगावे, 'तू केलेस ते चूक आहे, त्याची भरपाई तुला करावी लागेल आणि तू याच घरात राहणार आहेस.' पाहुण्यांपुढे त्याला चोर म्हणू नये. पैसे-दागिने कुलपात किंवा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावेत. मोहाची जागा बंद करणे हा अविश्वास नव्हे. मेयो वा मेडिकलच्या मनोविकार विभागात त्याला दाखवावे. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावरही बोलता येते. मूल योजनेतून वा समितीमार्फत आपल्याकडे असेल, तर जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवावे. १०९८ ही बालकांची हेल्पलाइन आहे. मुलाने हात उगारला किंवा धमकावले, तर मात्र आधी स्वतःची सुरक्षितता पाहावी आणि ११२ वर फोन करावा. सांभाळणे खरोखरच झेपत नसेल, तर तसे बाल कल्याण समितीला सांगण्यात कमीपणा नाही. रागाच्या भरात दाराबाहेर काढणे मात्र सर्वथा वर्ज्य.

आजींच्या प्रकरणात तो मोठा मुलगा एकोणीस वर्षांचा निघाला. प्रौढ सामील असल्याने रीतसर गुन्हा दाखल झाला आणि बांगडी एका दुकानात सापडली. ती मुद्देमाल म्हणून जमा आहे. न्यायालयाच्या आदेशानंतर सुपूर्दनाम्यावर मिळेल. मंडळाने मुलाला समुपदेशनास धाडले. आजींचा रक्तदाब आता १४० च्या आत आहे. सकाळची गोळी तोच काढून देतो. कपाटाची किल्ली आजी अजून उशाखाली ठेवून झोपतात, हेही मी आपल्यापासून लपवत नाही. विश्वास परत यायला वेळ लागतो.

कामवाल्या बाईंकडे आजी मुलाला घेऊन गेल्या आणि दोघांनी क्षमा मागितली. बाईंनी चहा दिला. कामावर मात्र आल्या नाहीत.

यंदाच्या तान्ह्या पोळ्याला आजी आणि तो मुलगा गच्चीवरून मिरवणूक पाहत होते. इडापीडा मारबतीबरोबर जावी, अशी प्रार्थना अवश्य करावी. तिच्याबरोबर पोटच्यासारखे वाढवलेले पोर मात्र धाडू नये. आणि हो, त्या दिवशीही गोळी चुकवू नये.