प्लॅटिनमची जागा कोळसा घेईल काय ?

पेन्सिलीच्या ज्या कांडीस आपण शिसें म्हणतों, तींत शिसें मुळींच नसतें; तो ग्राफाइट, म्हणजे कोळशाच्याच कुळांतील कर्ब होय. मँचेस्टर येथील गाइम व नोव्होसेलोव्ह यांनीं सन २००४ मध्यें ह्या ग्राफाइटवरून साध्या चिकटपट्टीनें एका परमाणूइतका पातळ पापुद्रा सोलून काढला. त्यास ग्राफीन म्हणतात. असा पापुद्रा गुंडाळल्यासारख्या दिसणाऱ्या सूक्ष्म नळ्यांचें वर्णन जपानांतील ईजिमा यांनीं १९९१ मध्येंच केलें होतें.

ह्या कर्बाकडे शास्त्रज्ञ आज मोठ्या आशेनें पाहत आहेत. हायड्रोजन व प्राणवायु यांच्या संयोगानें वीज देणाऱ्या इंधनघटांतून पाण्यावांचून दुसरें कांहीं बाहेर पडत नाहीं. परंतु प्राणवायूची क्रिया इतकी मंद कीं तिला प्लॅटिनमसारखा महागडा उत्प्रेरक लागतो. सन २००९ मध्यें अमेरिकेंत लिमिंग दाई व त्यांचे सहकारी यांनीं कर्बनळ्यांत नत्राचे परमाणु बसविले. नत्र शेजारच्या कर्बाचे इलेक्ट्रॉन आपणांकडे ओढतो, व तेथें प्राणवायूस आधार मिळतो. क्षारद्रावणांत ह्या नळ्या प्लॅटिनमहून सरस ठरल्याचें त्यांनीं प्रसिद्ध केलें.

मग काय विचारतां ! गंधक, स्फुरद, बोरॉन, जें हातीं येईल तें कर्बांत घालून नवा उत्प्रेरक जाहीर करण्याची अहमहमिकाच लागली. अखेर २०२० मध्यें प्राग येथील मार्टिन पुमेरा व सहकारी यांनीं ग्राफीनमध्यें चक्क पक्ष्यांची विष्ठा मिसळली; आणि तेंही निर्भेळ ग्राफीनपेक्षां चांगलें काम करूं लागलें ! वाचून आम्हांस हंसूं आलें, परंतु त्या थट्टेंतील टोमणा मात्र रास्त वाटला.

साध्या कर्बास हरविलें म्हणजे प्लॅटिनमला हरविलें असें होत नाहीं. नळ्या वाढवितांना वापरलेल्या लोहाचा लेशमात्र अंश मागें राहिला, तर काम त्याचें आणि कीर्ति कर्बाची, असाही प्रकार घडूं शकतो. शिवाय आज मोटारींत वापरले जाणारे इंधनघट बहुधा अम्लधर्मी असतात; क्षारांत मिळविलेला विजय तेथें टिकेलच असें नाहीं. म्हणून आमचें मत असें कीं, नवें मिश्रण जाहीर करणाऱ्यानें काम नेमकें कोणता परमाणु करतो, अम्लांत तें किती तास टिकतें आणि लोह किती सांपडलें, हें आंकड्यांसह सांगावें. प्रयोगवहींत न जुळणारा आंकडा रबरानें पुसण्याचा मोह किती बळकट असतो, हें आम्हां विद्यार्थ्यांस कोणी सांगावयास नको.