मिरीच्या दाण्याचे भाडे

आमचे आजोबा कोकणातल्या जमिनीची आठवण काढीत, तेव्हा शेवटी दोनच शब्द येत : "गेली ती!" १ एप्रिल १९५७ ला कूळकायद्याने कसणारे कूळ मालक ठरले आणि आमच्या घरी येणारे खंडाचे भात थांबले. लहानपणी मला तो निव्वळ अन्याय वाटे.

हा समज सुटला तो साता समुद्रांपलीकडच्या एका कायद्यामुळे. दक्षिण वेल्समधल्या कोळशाच्या खाणींभोवती एकोणिसाव्या शतकात घरांच्या रांगाच्या रांगा उठल्या. जमीन जमीनदाराची, पट्टा पुष्कळदा ९९ वर्षांचा, भुईभाडे किरकोळ. घर मात्र राहणाऱ्याच्या पैशाने उभे राहिलेले. पट्ट्याची मुदत भरली, की जमिनीबरोबर घरही मालकाचे! आज्याने घामाच्या पैशाने उभारलेल्या भिंतींतून नातवाने निघावे, नाहीतर मालक मागेल ते भाडे द्यावे, अशी गत.

मुदती भरत आल्या तसा असंतोष वाढला आणि १९६७ साली ब्रिटिश पार्लमेंटने कायदा केला. मूळ पट्टा २१ वर्षांहून मोठा, भुईभाडे अल्प आणि रहिवास पाच वर्षांचा असेल, तर राहणाऱ्याला घराखालची जमीन विकत मागता येईल, किंवा पट्टा ५० वर्षांनी वाढवून घेता येईल. मग मालकाची मर्जी असो वा नसो. तत्त्व असे, की जमीन मालकाची, घर राहणाऱ्याचे. तेव्हा किंमत द्यायची ती जमिनीची, विटांची नव्हे.

लंडनच्या ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टरांच्या विश्वस्तांनी स्ट्रासबर्गचे मानवी हक्क न्यायालय गाठले. १९८६ साली न्यायाधीशांनी एकमताने त्यांचे म्हणणे फेटाळले. १९९३ च्या कायद्याने फ्लॅटवाल्यांनाही, एकजूट करून इमारत जमिनीसकट विकत घेण्याचा, अथवा एकट्याने पट्टा ९० वर्षांनी वाढवण्याचा हक्क मिळाला. या वाढीव पट्ट्याचे भुईभाडे किती? तर मिरीचा एक दाणा! म्हणजे कायद्याच्या भाषेत जवळजवळ काहीच नाही. पट्टा घेतल्यावर दोन वर्षे थांबण्याची अटही पुढे ३१ जानेवारी २०२५ पासून उठली.

हे सारे वाचताना मी खाणकामगारांच्या बाजूने मान डोलावीत होतो. आणि एकदम थबकलो. समोरच्या बाकावर, ड्यूकसाहेबांच्या शेजारी, धोतर सावरीत आमचे आजोबा बसलेले दिसले! त्यांच्या कुळानेही पिढ्यान्‌पिढ्या बांध घातले होते, खाचरे राखली होती. आणि कायद्याने ठरवलेली किंमत त्यालाही भरावी लागलीच होती.

आज आम्ही राहतो ती इमारतही पट्ट्याच्या जमिनीवर आहे. सोसायटीच्या सभेत मुदतीचा विषय निघाला, की मी तावातावाने उठून बोलतो : "इतकी वर्षे आम्ही राहिलो, इमारत आम्ही राखली!" टाळ्या पडतात. खाली बसताना मात्र वाटते, हे शब्द आपले नव्हेत. ते आजोबांच्या कुळाचे आहेत.