नामदेवांचं तूप, आपलं चीज
पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट ऐकून वाढलेले आपण कुत्र्याला चीज नाकारणार तरी कसं? तमिळनाडूतल्या श्रीपेरुंबुदूरच्या मोटार कारखान्यांत नोकरीला गेलेल्या मराठी घरांतही फ्रिजचं दार वाजलं की लॅब्रेडॉर हजर. औषधाची नुसती गोळी दिली तर ती गालात धरून, तुमची पाठ वळताच सोफ्याखाली टाकणारा हाच प्राणी चीजमध्ये दडवलेली गोळी न चावता गिळतो. तेवढ्यापुरतं चीज मला मंजूर. पण क्यूबमागून क्यूब? प्रोसेस्ड चीजमध्ये मीठ आणि चरबी भरपूर, आणि चरबीचा अतिरेक झाला तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. कांदा-लसणाच्या चवीचं चीज तर कुत्र्याला विषारीच, निळ्या बुरशीचंही नको. वरचा खाऊ दिवसाच्या उष्मांकांच्या 10 टक्क्यांत बसवा, असं पशुवैद्य सांगतात. याच तमिळ मुलखातले राजपालयम आणि चिप्पीपराई जातींचे कुत्रे (काय कंबर असते एकेकाची!) पिढ्यान्‌पिढ्या चीजवाचूनच शिकारीमागे धावले. लाड करायचेच तर एका क्यूबचे आठ तुकडे करा; त्याच्या लेखी ती आठ बक्षिसं.