हाडातले घरटे

दहावीतल्या मुलाचा पाय नेमका रात्री दुखावा आणि दुसऱ्या दिवशी क्रिकेटच्या वेळी तो ठणठणीत असावा, यावरून बापाने काय समजायचे? मी जे समजायचे तेच समजलो. "अभंग वाचायला सांगितले की चिरंजीवांची मांडी धरते," असा विनोदही मी चारचौघांत केला. मराठीच्या प्राध्यापकाच्या पोटी जन्म घेतला की असले विनोद नशिबी येतातच.

पण एकदा रात्री दोन वाजता, गुडघा पोटाशी धरून आवाज न करता रडणारे ते पोर मी पाहिले आणि विनोद तिथेच संपला. सौ.ने आपल्या डोकेदुखीवरची आयब्युप्रोफेनची गोळी त्याला दिली. तासाभरात तो झोपी गेला. मग हे रोजचेच झाले. एका डॉक्टरांनी 'वाढीचे वय आहे' म्हणून त्याची पाठ थोपटली. एक्स-रेत काही दिसले नाही. चार महिने असेच गेले.

अखेर हाडांच्या एका वयस्कर डॉक्टरांनी विचारले, "गोळी घेतली की दुखणे जाते ना रे?" तो हो म्हणताच त्यांनी सीटी स्कॅन लिहून दिला. मांडीच्या हाडात हरभऱ्याएवढा ठिपका निघाला, भोवती जाड हाडाचे कडे. 'ऑस्टिऑइड ऑस्टिओमा!' नाव ऐकूनच सौ. मटकन खाली बसली. डॉक्टर घाईने म्हणाले, "कर्करोग नव्हे हो, ताई. ही गाठ साधी. पसरत नाही, जीव घेत नाही. झोप तेवढी घेते."

1935 साली न्यूयॉर्कच्या डॉ. हेन्री जॅफी यांनी या गाठीचे स्वतंत्र वर्णन केले. तिच्या गाभ्याला 'नायडस' म्हणतात. लॅटिनमध्ये नायडस म्हणजे घरटे, हे कळताच त्या प्रसंगीही माझ्यातला मास्तर जागा झाला! या इवल्या घरट्यात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये भरमसाट तयार होतात, आणि कळ आणतात ती हीच. गोळी नेमकी त्यांनाच अडवते. म्हणून तर डॉक्टरांचा तो प्रश्न.

पूर्वी मांडी उघडून हाडाचा तुकडाच काढीत. घरटे बाहेरून दिसत नसे, म्हणून अंदाजाने जास्त हाड जाई आणि पुढे कित्येक आठवडे पायावर भार देता येत नसे. 1992 साली बोस्टनच्या डॉ. डॅनियल रोझेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुईने ते जाळण्याची रीत प्रसिद्ध केली. आमच्या मुलाला भूल देऊन सीटीच्या यंत्रावरच निजवले. चित्रात पाहात पाहात हाडाला बारीक छिद्र पाडले, सुईचे टोक घरट्याच्या मध्यावर नेले आणि विजेच्या लहरींनी ते 90 अंश सेल्सियसपर्यंत तापवले. सहा मिनिटे! वर्गात हजेरी घ्यायला मला एवढाच वेळ लागतो. बाहेरच्या बाकावर मात्र ती सरता सरेनात. जवळ मज्जातंतू असला तर जपावे लागते, आणि क्वचित दुखणे उलटते, तेव्हा पुन्हा सुई घालावी लागते, हे त्यांनी आधीच सांगून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी तो घरी आला, मांडीवर छोटीशी पट्टी लावून. तिसऱ्या रात्री दोन वाजता मला सवयीने जाग आली. पाहतो तो स्वारी अंथरुणात आडवीतिडवी पसरलेली, उशाशी गोळी तशीच.

सकाळी मी, जरा अडखळतच, त्या विनोदाबद्दल बोललो. तो चहात पाव बुडवीत म्हणाला, "जाऊ द्या हो, बाबा. अभंग मी खरेच वाचले नव्हते."