अनोळख्यांना दिलेली हमी

लिंक्डइनवर आलेली प्रत्येक विनंती स्वीकारावी, कोण कधी उपयोगी पडेल सांगता येत नाही, असा सल्ला नोकरी शोधणाऱ्या मुलांना हल्ली सर्रास दिला जातो. त्याला आधार नाही असे नाही. नोकरीची खबर जिवलगांपेक्षा जुजबी ओळखीच्या माणसाकडून येण्याचा संभव जास्त, हे मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्येच मांडले होते. जिवलगाला जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते.

या सिद्धान्ताची मोठी परीक्षा पुढे लिंक्डइनवरच झाली. ‘तुम्ही यांना ओळखत असाल’ म्हणून जी नावे सुचवली जातात, ती 2015 ते 2019 या काळात सुमारे 2 कोटी सभासदांना मुद्दाम वेगवेगळ्या रीतीने दाखवण्यात आली. (सभासदांना याची कल्पना नव्हती, हेही ध्यानात ठेवण्याजोगे.) ‘सायन्स’ या नियतकालिकात 2022 मध्ये निष्कर्ष आले. जुजबी ओळखी कामी येतात, पण अगदीच नावापुरत्या नव्हेत. ज्याच्याशी आपल्या दहाएक सामाईक ओळखी आहेत, असा माणूस नोकरीबदलाला सर्वांत उपयोगी ठरला. शिवाय विरळ ओळखींचा फायदा डिजिटल स्वरूपाच्या उद्योगांत अधिक दिसला. इतरत्र घट्ट संबंधच जास्त उपयोगाचे. हिंजवडीतल्या सॉफ्टवेअरवाल्याला मानवणारा सल्ला चाकणच्या टूलरूममधल्या इंजिनिअरने डोळे झाकून घेऊ नये, असा मी त्याचा अर्थ लावतो.

सरसकट होकाराने नुसता वेळ वाया गेला असता तर एवढे लिहायचे कारण नव्हते. अनोळखी प्रोफाइल समोर आले की आपण आधी पाहतो ते सामाईक ओळखींकडे. आपल्या कॉलेजचे पाचसहा जण त्याच्या यादीत दिसले की शंका मावळते. त्या पाचसहांनीही न पाहताच होकार दिलेला असतो, हे लक्षात येत नाही. म्हणजे कुणीच न दिलेली हमी सगळ्यांच्या नावावर चालते, आणि बनावट रिक्रूटरचे भांडवल नेमके हेच असते. ‘ॲक्सी इन्फिनिटी’ या क्रिप्टोचलनावर चालणाऱ्या ऑनलाइन खेळाच्या ‘रोनिन’ या ब्लॉकचेन जाळ्यावर 2022 मध्ये 60 कोटी डॉलरहून मोठा दरोडा पडला. तिथल्या एका अनुभवी इंजिनिअरला लिंक्डइनवरून खोट्या नोकरीचे आमिष दाखवले गेले आणि ऑफर लेटरच्या फाइलमधून घुसखोरी झाली, असे वृत्त तेव्हा आले होते. जाणकारांची ही गत, तर पहिल्या नोकरीच्या शोधातल्या पदवीधराला काय दोष द्यायचा?

तेव्हा ज्याच्याबद्दल कुणी विचारले तर दोन वाक्ये सांगता येणार नाहीत, त्याची विनंती तशीच पडू द्या. नोकरी देऊ करणारा कुणी भेटला तर त्या कंपनीच्या संकेतस्थळावरून नंबर काढून स्वतः चौकशी करा. नोंदणी, प्रशिक्षण, लॅपटॉपचे डिपॉझिट, कुठल्याही नावाने पैसे मागितले की संवाद तिथेच थांबवा. आणि पैसे गेलेच असतील तर लाजेखातर गप्प न बसता ताबडतोब 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.