बुरशीची करामत आणि कामगाराचा श्वास

भाकरीला बुरशी आली की आपण ती फेकून देतो. पण हीच बुरशी आज कारखान्यात राबते आहे. तिच्यापासून विकरे, म्हणजे एन्झाइम, काढतात. आपल्या सिन्नरलाही ठाण्याच्या ॲडव्हान्स्ड एन्झाइम कंपनीचा कारखाना आहे. ॲस्परजिलस बुरशीची विकरे फळांचा रस नितळ करतात, पाव मऊ ठेवतात; ट्रायकोडर्माची विकरे जीन्सचे कापड मऊ करतात.

विकर एकदा वापरले की सहसा वाया जाते. म्हणून शास्त्रज्ञ ते लोखंडाच्या ऑक्साइडच्या नॅनोकणांवर बसवतात. मग ते अधिक टिकते आणि लोहचुंबकाने ओढून पुन्हा वापरता येते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने तर २००१ साली बुरशीकडूनच चांदीचे नॅनोकण घडवून घेतले.

मात्र एक गोष्ट आम्ही आवर्जून सांगतो. पावाच्या पिठात घालायच्या बुरशीच्या अमायलेजची भुकटी नाकातोंडात जात राहिली, तर बेकरी कामगाराला दमा जडू शकतो. तेव्हा सातपूर, अंबड, सिन्नरला कुठेही अशा भुकटीपाशी काम करणाऱ्या बंधू-भगिनींनी योग्य मास्क मागून घ्यावा. सुटीत थांबणारा खोकला कामावर पुन्हा उसळत असेल, तर डॉक्टरांना आपले काम नेमके काय ते सांगावे आणि कागदावर लिहून घ्यावे. कामामुळे जडलेला दमा कायद्याने व्यावसायिक रोग मानला आहे. भरपाई मागताना तोच कागद उपयोगी पडेल.